कोलोच्या शेवटी उभा राहून

आबा,
नमस्कार घालायला तोंड नाही, तरी घालतो. हे पत्र टाकायचा धीर होईल की नाही, ठाऊक नाही.

शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूवर मिठाईच्या दुकानात कढईवर असतो. रविवारी एका सर्बियन लग्नात जिलेबी पोचवायला गेलो, नवऱ्याला आमची जिलेबी फार आवडते. तिथं त्यांचा कोलो नाच बघितला आणि जागीच खिळलो. आबा, काय पाय! पन्नास माणसं हात धरून रांगेनं फिरतायत, वरचं अंग एकदम शांत, आणि खाली पावलं लाह्यांसारखी तडतडतायत. नवरीपासून पोट सुटलेल्या मामापर्यंत सगळे एका ठेक्यात. तुम्ही असता तर फेटा उडवला असता.

मला राहवेना. दोघांचे हात सोडवून मधेच घुसलो. एक म्हातारी मोडक्या इंग्रजीत ओरडली, "ए, मधे शिरायचं नसतं! शेवटी लाग!"

तिनंच मला शेवटी नेलं, हात धरला. दुसऱ्या फेरीत पाय बसले.

"बरा नाचतोस की! कुणी शिकवलं?"

"वडिलांनी. त्यांचं लेझीम पथक आहे."

"मग घेऊन ये त्यांना! आम्हाला पण शिकवू देत."

मी "आणतो" म्हणालो. पथकातूनच इथं आलो आणि परतीच्या दिवशी पळालो, हे नाही सांगितलं. माझ्यामुळं पथकाला पुन्हा व्हिसा मिळाला नाही, तेही नाही. पथकातली जागृती फोनवर म्हणाली, एअरपोर्टवर तुम्ही पुन्हा पुन्हा माणसं मोजत होतात, आणि तेवीसच भरत होती.

तुमचा चोविसावा,
देवदत्त