अर्ध्यावरचं भरतकाम

उमरगा,
१२ मे

प्रिय निकिता,

हे पत्र बघून तू आधी हसशील. बेंबळीची पोरगी युक्रेनात उझहोरोदला, आणि तिला उमरग्याहून कागदावर लिहिलेलं पत्र, तेही तिकडंच शिकायला निघालेल्या ईट गावच्या सोमेशच्या बॅगेतून. फोन असताना कागद कशाला नासला म्हणशील. पण त्याच फोनवर मी तुझ्याशी एकदा खोटं बोलले आहे आणि त्यावरच खरं सांगायला जीभ रेटत नाही. म्हणून हा उद्योग. शेवटपर्यंत वाच, मधेच चिडून फेकू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

आधी इकडचं सांगते. मी हायवेवरच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. अर्धी डॉक्टर म्हणून लोक मला 'डॉक्टरीण' म्हणतात आणि मी तोंड फिरवते. आप्पांचं भुसार दुकान चालू आहे. आपलं कॉलेज होतं त्या खारकीवचं नाव काढलं की ते अजून उठून जातात. तू परत जाऊन शिक्षण पुरं करते आहेस याचा मला आनंद आहे, हे मी लोकांना सांगते. खरं सांगू का, पहिली दोन वर्षं मी जळत होते. जळून जळून आता कंटाळा आलाय.

तो मार्चचा दिवस तुला आठवतोच. युद्ध पेटल्यावर सात दिवस तळघरात काढून आपण स्टेशनकडं निघालो, तेव्हा हालिनामावशी चौथ्या मजल्यावरून खाली आली होती. घरमालकीण असून तिनं आपल्याला कधी भाडेकरू मानलं नाही. वांग्याची भाजी जळाली की आपल्याआधी तीच खिडक्या उघडायची. आंद्रीय, तिचा एकुलता एक, आदल्याच दिवशी लढायला गेला होता. तू पाण्याच्या बाटल्या भरत होतीस, तेव्हा तिनं माझ्या हातात ते कापड दिलं. त्याच्या लग्नासाठी ती भरत होती ना, तेच. लग्नात नवरानवरी ज्याच्यावर उभे राहतात ते लांब पांढरं कापड, लाल-काळ्या दोऱ्याचं. निम्मं भरून झालेलं. घर राहील न राहील, हे तू घेऊन जा, मी मागून घेईन, एवढंच ती म्हणाली. तिच्या गावच्या संग्रहालयात तीस वर्षं तिनं जुनी कापडं सांधली होती, आणि ही नक्षी त्याच गावची होती, हे मला तेव्हा धड कळलंही नव्हतं.

कापड मी आणलं. सीमेवर आठ तास उभी राहिले तेव्हा ते स्वेटरच्या आत पोटाशी होतं. घरी येऊन आईच्या, म्हणजे अव्वाच्या ट्रंकेत ठेवलं आणि विसरून जायचा प्रयत्न केला.

पुढच्या दिवाळीला मावशीचा मेसेज आला, आंद्रीयचा तीन महिने पत्ता नाही म्हणून. त्यानंतर तिचा नंबरच बंद झाला. मी अव्वाला सांगितलं. माझी अव्वा, चन्नम्मा, कशी आहे ते तू पाहिलंयस. ऐकून घेते आणि कामाला लागते. तिचं माहेर सास्तूरकडचं. भूकंपात घर गेलं, आणि तिच्या आईनं कसुती, म्हणजे धागे मोजून करायचं भरतकाम, भरलेल्या साड्यांचा पेटारा दगडाखालीच राहिला. तिच्या माहेरी एक समजूत आहे, की प्रवासातल्या माणसासाठी घेतलेलं भरतकाम अर्धं ठेवू नये, माणूस वाटेत अडकतो. मी लॅबला गेले की ती ते कापड काढून बसायची. मला पत्ता नाही. संक्रांतीच्या सुमारास ट्रंक उघडली, तर मावशीच्या आठ पाकळ्यांच्या चांदण्यांशेजारी अव्वाचे मोर नाचत होते.

निकिता, मी आईला जे बोलले ते लिहीत नाही. अडाणी हा त्यातला सगळ्यात मऊ शब्द होता. तिनं कापडाची घडी घातली. एवढंच म्हणाली, "पोरगं यायला पायजे न्हाय का गं. तिचा हात थांबला म्हणून म्या लावला."

आणि मग या फेब्रुवारीत तुझा फोन आला. आनंदानं तुझा आवाज किती मोठा झाला होता. मावशी तुझ्याच शहरात सापडली, शाळेच्या हॉलमध्ये राहते, घर सोडून आलेल्या पोरांना भरतकाम शिकवते. तिची इमारत पडली. गावचं संग्रहालय जळालं, त्या नक्षीची सगळी कापडं त्यात गेली. पण आंद्रीय जिवंत आहे, एक पाय गेला तरी हसतो, आणि ऑगस्टमध्ये त्याचं लग्न आहे. मग तू विचारलंस, रंजू, ते कापड आहे ना? त्या नक्षीचा आता तेवढाच तुकडा उरलाय. आणि मी म्हणाले, सीमेवरच्या गर्दीत हरवलं.

हे खोटं होतं. तीस वर्षं कापडं सांधणाऱ्या बाईला मोर कुठल्या तोंडानं दाखवू, असं त्या क्षणी वाटलं. तू म्हणालीस, असू दे, जीव वाचला हे काय कमी आहे. दुसऱ्या दिवशी कळवलंस की मावशीही तेच म्हणाली. तेव्हापासून मी तुझा फोन उचलला नाही.

अव्वा चुलीशी बसून सगळं ऐकत होती. आठ दिवसांनी म्हणाली, "चूक माझी हाय तर खोटं तू का बोललीस?" तिनं बाजारातून तसंच पांढरं कापड आणलं, शेजारच्या तुळजाबाईंना हाक मारली, माझं लॅबचं भिंग मागून घेतलं आणि मावशीच्या निम्म्या भागाची धागा धागा मोजून नक्कल सुरू केली. आणि गंमत म्हणजे मोजायला बसले कोण, तर आप्पा. दुकानातून दुपारी घरी यायचे, चष्मा चढवून मोठ्यानं धागे मोजायचे, आणि कुणी शिंकलं की आकडा चुकला म्हणून घर डोक्यावर घ्यायचे. परवा नक्कल पुरी झाली. ती इथंच राहणार. अव्वा म्हणते, "एक तिकडं जळालं तर एक इकडं असावं. माझ्या आईचं कुणी मोजून ठिवलं न्हाय." तुळजाबाईंच्या सुनेनं तर ती चांदणी झबल्यावर भरायला घेतलीय.

आता पत्राचं कारण. सोमेशच्या बॅगेत तळाशी साडीत गुंडाळलेलं मावशीचं कापड आहे. ते लगेच हातात देऊ नकोस. आधी माझं खोटं तिला सांग, काही न वगळता, मग उलगड. तिला सांग, आंद्रीय परत आला तो आपल्यामुळं असं अव्वा म्हणत नाही. अर्धा टाका त्याच्या आड आला नाही, एवढंच म्हणते. यावर पाय पडणार हे अव्वाला माहीत होतं, म्हणून तिनं देवाचं काही, नंदी की गोपुर, भरलं नाही, नुसते मोर आणि जोंधळ्याची कणसं. आणि मुख्य गोष्ट ही. कसुतीत गाठ मारत नाहीत. अव्वानं परवा बसून आपल्या प्रत्येक ओळीच्या धाग्याचं टोक मागून सोडवून बोटभर मोकळं ठेवलंय. मावशीनं हलकेच ओढलं की एकेक ओळ निघून येईल, तिचा स्वतःचा एकही टाका हलणार नाही, आणि लग्नाआधी तिला तिचं कापड तिच्या हातानं पुरं करता येईल. अव्वा वाईट वाटून घेणार नाही, तिनं मला तसं दोनदा बजावलंय, म्हणजे थोडं वाटेलच. मावशीनं मोर ओढून काढले की तसेच ठेवले, ते मला फोन करून सांग. या वेळी मी उचलीन.

तुझीच, खोटं वागवून दमलेली,
शिवरंजनी