थंडीने बसलेला कान

३ फेब्रुवारी १९९२, सोमवार
माझ्या मुलाला, जयंताला, बँकेतून मिळालेली डायरी कोरीच पडली होती, म्हणून लिहितेय. कुणी वाचायची गरज नाही.
आज मोज्यांच्या फॅक्टरीत कानांची टेस्ट. माझा उजवा कान थंडीने जरा बसलाय. चार वर्षं झाली. लेस्टरची थंडीच चिवट. हेडफोन लावून बसवलं, आवाज आला की बोट वर करायचं. नर्सबाई समोरच. तिचा अंगठा बटणावर दबला की माझं बोट वर. पास. म्हणाली, साठीच्या बाईचे असे कान बघितले नाहीत. यात फसवणूक कसली? डोळे माझेच होते.

६ फेब्रुवारी
ती रेखा! टेबलाशी, कँटीनमध्ये, गेटपर्यंत, सदा माझ्या उजव्या हाताला चिकटलेली. तीन वर्षं हेच. आज दोनदा दंड धरून बाजूला ओढलं. म्हणे, मावशी, मागून खोकी वाहणारी फोर्कलिफ्ट आली होती. आली असेल. मी काय लहान आहे?

१० फेब्रुवारी
सुपरवायझर कीथला सांगून रेखाला पलीकडच्या टेबलावर टाकायला लावलं. जाताना ती काहीतरी पुटपुटली. मी नुसतं हं म्हटलं. परत विचारून कोण डोक्यावर चढवून घेणार?

११ फेब्रुवारी
मोकळं वाटलं. चार डझन जोड जास्त बांधले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
फोर्कलिफ्ट मागे येत होती. पीं-पीं वाजत येते म्हणे. मी खोक्यापाशी वाकलेली. रेखा तिकडून धावत आली आणि मला ढकललं. मी मोज्यांच्या ढिगावर पडले, खरचटलंही नाही. चाक तिच्या पायावरून गेलं. ती ओरडली. तेवढं मात्र ऐकू आलं.
कीथने रिपोर्टसाठी विचारलं. म्हटलं, रेखा जागा सोडून आली. खोटं कुठे बोलले?

१७ फेब्रुवारी
फॅक्टरीत बोलणं चाललंय, चूक रेखाच्या नावावर लागणार. भरपाई नाही, बहुतेक नोकरीही नाही. जेवताना नात उल्काने विचारलं, आजी, तुला हॉर्न ऐकू आला नाही काय? म्हटलं, मशीनचा आवाज केवढा असतो. तेव्हा आमच्याकडची मशीन बिघडून बंद होती, हे तिला कुठे माहीत.
उद्या कीथला सगळं सांगणार. नक्की.

१८ फेब्रुवारी
घसा धरला. उद्या.

१९ फेब्रुवारी
कीथ कामात होता. त्याला कशाला त्रास.

२१ फेब्रुवारी
पोळीचे लाडू घेऊन हॉस्पिटलात गेले. रेखाच्या पायाची दोन बोटं काढली. मी खुर्ची ओढून बसले, तर म्हणाली, "मावशी, पलीकडे बसा. उजव्या कानाने तुम्हाला कुठे ऐकू येतं?"
कधीपासून माहीत, विचारलं. म्हणे, पहिल्या आठवड्यापासून. मग बोलली का नाहीस?
"बोलले असते तर तुम्हाला घरी बसवलं असतं."
लाडू तिच्या हातात द्यायचे राहिले. बसमध्ये मांडीवरच होते.

२४ फेब्रुवारी, सोमवार
कीथला सांगितलं. नर्सच्या अंगठ्याचंही. रेखाच्या चुकीची ओळ त्याने माझ्यासमोर खोडली. मग पुन्हा टेस्ट. नर्सबाई समोर बसायला लागली. मी म्हटलं, पाठीमागे बस.
उजव्या कानाला बोट एकदाही वर गेलं नाही.