सात क्रमांकाची चाल

थ्येनश्वेई,
१४ नोव्हेंबर २०२३

प्रिय त्साइवेई,
अनेक आशीर्वाद.

परवा बसस्थानकावर तू "मियाओ बाई!" अशी हाक मारलीस. लगेच ओळखलं गं. माझं बरं चाललंय. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. नूडल्स एकटीपुरत्या करते, तरी उरतातच. पियानो शेजारणीच्या नातीला देऊन टाकला.

तू म्हणालीस, "संगीत केव्हाच सुटलं, बाई. विम्याच्या ऑफिसात आहे. माझ्यात ते मुळात नव्हतंच." आणि हसलीस.

आठवीत तुम्ही सगळ्यांनी चाली बांधल्या होत्यात. प्रांताच्या उन्हाळी संगीतवर्गाला शाळेतून एकच मूल जायचं होतं. नावं झाकून, नुसते क्रमांक टाकून मी चाली ऐकल्या. सात क्रमांकाची चाल मध्येच थांबायची, श्वास घ्यायची आणि भलत्याच सुरावर उतरायची. तीनदा ऐकली. कागदावर लिहिलं, 'मुलगा धाडसी आहे. हाच जाईल.'

मग नावाची चिठ्ठी उघडली. तुझं नाव.

कुणी दबाव आणला नव्हता, त्साइवेई. खोलीत मी एकटीच होते. शेरा खोडला आणि लिहिलं, 'मेहनती. नीटनेटकं काम.' पाठवलं तुमच्या वर्गातल्या वनबोला. त्याची चाल गोड होती, पण आधी कुठेतरी ऐकल्यासारखी. मनाशी म्हटलं, मुलाला पुढे उपयोग होईल. ही काय, माझ्यासारखी शिक्षिका होईल.

निकाल ऐकून तू विचारलंस, "बाई, माझं कुठे चुकलं?"

"चुकलं नाही गं. कल्पनाशक्ती जरा कमी पडली."

तू मान डोलावलीस. त्यानंतर दिलेलं तेवढंच वाजवलंस, एक सूर इकडचा तिकडे नाही. आणि मी शाबासकी देत राहिले.

कॉलेजात मीही चाली करायचे. सर म्हणाले होते, "तू छान गा. चाली बांधायचं मुलगे बघतील." त्यानंतर कित्येक वर्षं वाटायचं, मला त्याचा राग आहे. ती चिठ्ठी उघडली तेव्हा कळलं, मला ते पटलेलं होतं.

काल शाळेत जाऊन नव्या संगीतशिक्षिकेला हे सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ द्या हो बाई, इतकं जुनं कोण काढतं?" चहा दिला, घंटा झाली, ती वर्गावर गेली. रिकाम्या खोलीत थोडा वेळ बसले आणि परत आले.

तुझ्यात ते होतं. हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

माफ कर असं म्हणत नाही. रागावलीस तर तेवढं मात्र कळव. शिव्या असल्या तरी चालेल. निदान घरात पत्र तरी येईल.

'तुझी' लिहायला हात धजत नाही,
मियाओ सूछिन