जुनी खिडकी मिटायच्या आधी

प्रिय पूनम,

आधी बातमी, मग तुझी चौकशी. आपल्या कॉलेजच्या सर्व्हरवर पासवर्डनं शिरणं आज मी कायमचं बंद केलं. आता ज्याच्या लॅपटॉपवर किल्लीची फाइल, तोच आत! आणि हे केलं करमाळ्याहून, सासरच्या माजघरात बसून. सर्व्हर सोलापुरात आणि अकराला नऊशे मुलांचा निकाल. कुणीतरी पहाटेपासून हजारो पासवर्ड लावून बघत होतं, म्हणून थांबता येईना.

काळ्या खिडकीतून, एसएसएचच्या दूरजोडणीनं, सर्व्हरच्या आत गेले, सेटिंग बदललं. तेवढ्यात सासूबाई, चांगुणाआत्या, दारात. "मिट की गं ते आता, भाकरी निवायली!" मी मिटलं नाही. जुनी खिडकी तशीच ठेवून शेजारी दुसरी उघडली आणि नव्यानं शिरून बघितलं. तर प्रवेश नाकारला! किल्लीची सर्व्हरवरची जोड मी भलत्याच खात्यात ठेवली होती, वेंधळी कुठली. पण जुनी जोडणी चालू होती. तिच्यातूनच चूक निस्तरली, पुन्हा बघितलं आणि थेट आत! अकराच्या ठोक्याला निकाल लागला. मी अशी नाचले की आत्यांनाही हसू आवरेना. भाकरी गारच खाल्ली, पण काय गोड लागली म्हणून सांगू.

दोन वर्षांपूर्वी हेच काम तू टेंभुर्णीला, माझ्या माहेरी बसून केलंस. खिडकी मिटली आणि तू बाहेरच अडकलीस. एसटीनं सोलापूर गाठून पासवर्ड पुन्हा सुरू करेपर्यंत दुपार टळली, निकाल रखडला. आपल्या विभागप्रमुख सरांनी सगळ्यांदेखत तुला निष्काळजी ठरवलं. तू राजीनामा दिलास आणि मैंदर्गीला काकांच्या दुकानात जाऊन बसलीस. तेव्हापासून तू लॅपटॉपला हात लावला नाहीस, हे मला ठाऊक आहे.

पूनम, तू दुसरी खिडकी उघडणारच होतीस. तुझा लॅपटॉप मी मिटला. माझी हळद होती, तुझ्याशिवाय मी पाटावर बसेना. आणि सरांपुढे तू माझं नाव घेतलं नाहीस, मीही तोंड उघडलं नाही. फार लाज वाटते गं. आज निकाल लागताच सरांना फोन करून सगळं सांगून टाकलं. भडकले, फोनच ठेवला. संध्याकाळी त्यांचाच फोन आला, "पूनमला बोलवा. जागा तिचीच हाय, माफी मी मागतो." माझ्यावर रागाव, चार शिव्या घाल, पण आजच किल्ल्यांची जोडी बनव. खासगी तुझ्याकडे ठेव, सार्वजनिक मला पाठव. सर्व्हरवर तुझ्या नावाचं खातं मी उघडलंय.

तुझीच, तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
धम्मप्रिया