चारशे हर्ट्झचा स्पिंडल

गुरुवार, रात्र

जीव थाऱ्यावर नाही. नावाच्या पाट्या कोरायला घेतलेलं राऊटर मशीन विकणारा उद्या परत न्यायला येणार होता. स्पिंडल, म्हणजे कोरणारं पातं फिरवणारी मोटर, नुसता गुणगुणायचा, तापायचा आणि लाकडाला टेकला की थांबायचा. "वैशाली, आपल्याला हे जमायचं नाय," म्हणत प्रकाशनं परस्पर परतीचं ठरवलं. नवरा झाला म्हणून काय, काम माझं, हर्सूलची ही खोली मी लावलेली. मला विचारायला नको?

तो ड्यूटीवर गेल्यावर स्पिंडलवरची पट्टी पुसून वाचली. चारशे हर्ट्झ. आणि त्याला वीज देणाऱ्या ड्राइव्हमध्ये भरलेले पन्नास. तापणार नाही तर काय? आकडा बदलला, वेग हळूहळू वाढवला. सागावर अक्षरं सफाईनं उतरली. स्पिंडलला हात लावला, कोमट. परत लावला, कोमटच.

प्रकाश आल्यावर चालवून दाखवलं. त्यानं कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "पण मी शब्द दिलाय त्याला."

एवढंच सुचलं याला?

मशीनवाल्याला मीच फोन लावला. "मशीन परत द्यायचं नाही."

"साहेबांना द्या जरा."

"मशीन मी चालवते. माझ्याशीच बोला."

"बरं, ठेवा मग," म्हणत त्यानं फोन ठेवला. प्रकाश शेजारीच होता. जेवण झालं, तरी अजून बोललेला नाही.