शिट्टीनं वगळलेलं नाव

३ मार्च, सोमवार

शिट्टी आज पाण्याजवळ फिरकलाच नाही! पोरं टोप्या घालून काठावर कुडकुडत बसलेली, आणि हे महाशय वरच्या खोलीत दार लावून. शेवटी मीच जिना चढले. दार अर्धवट उघडून म्हणतो, "मॅडम, आधी माझा घर. मग पोहणं."

घर, घर, घर! आल्यापासून एकच तुणतुणं.

आणि आणला कुणी? मीच. परदेशी प्रशिक्षक असलेला गावातला पहिला तलाव म्हणून मिरवलं कुणी? मीच. परदेशात स्पर्धेला मुलं घेऊन गेले होते तेव्हा याला पाहिलं. ओरडणं नाही, हातवारे नाहीत, गळ्यात फक्त ती शिट्टी (याचं नावच पडलं तिच्यावरून) — आणि त्याची पोरं पाणी असं कापत होती, जणू कुणी सरळ रेषेत कापड फाडतंय. तिथेच ठरवलं, हा माणूस आपल्याकडे हवा. तलावाची व्यवस्थापक म्हणून समितीशी भांडले, अध्यक्षांच्या नाकदुऱ्या काढल्या. याला सांगितलं: दोन खोल्यांचं घर देऊ, बायको-मुलाला घेऊन या, आणि संघ निवडताना तुमचा शब्द शेवटचा.

घराचं बांधकाम रखडलं, तो काय माझा गुन्हा? तोवर कपडे बदलायच्या खोल्यांवरची खोली दिली. क्लोरीनचा वास येतो, मान्य. पंप दिवसभर घरघरतो, तेही मान्य. पण यानं फोनवरून ती खोली बायकोला दाखवली आणि बाई म्हणाली, मी येत नाही. तेव्हापासून माझ्याकडे असा बघतो, जणू त्याचा संसार मीच मोडला.

"मॅडम, तुमचा शब्द कुठे गेली?" जिना उतरताना मागून ओरडला. व्याकरण कच्चं, टोमणा पक्का!

५ मार्च, बुधवार

खाली आला. पोरांना पोहवलं. माझ्याशी एक अक्षर नाही. बरं झालं.

९ मार्च, रविवार

आज जे झालं ते लिहूनच ठेवते.

एप्रिलच्या रिलेचा संघ फळ्यावर लागला. चार नावं — आणि माझ्या लेकीचं नाही! मासोळीचं नाही! चालायच्या आधी जी तरंगली, जिचं हे नावच मुळी तिच्या बाबांनी पाण्यात बघून ठेवलं, ती बाहेर! आणि तिच्या जागी कोण? वळताना भिंतीला डोकं आपटणारी ती डॉक्टरांची मुलगी!

सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. "कारण?"

दोऱ्या गुंडाळत होता, गुंडाळत राहिला. "शब्द माझा शेवटचा. तुम्ही बोलला होता."

म्हणजे सूड! घर मिळालं नाही म्हणून लेकीवर राग. माझं नाक कापायला पोरीचा गळा!

१० मार्च, सोमवार

घरी कुणाला काही वाटतच नाही का? हे आपले वह्या तपासत बसलेले. म्हणाले, "अगं, निवडलं नाही, बुडवलं तर नाही ना?" शाळामास्तरचा विनोद! मासोळी फिसकन हसली. हसली! मी म्हटलं, तुला काहीच वाटत नाही? म्हणे, "जाऊ दे ना आई." आणि ताट उचलून आत.

पोरगी दुखावलीय. दाखवत नाही. माझ्यावरच गेलीय.

१७ मार्च, सोमवार

आज काठावरच जुंपली. पालक होते, पोरं होती, सगळ्यांदेखत.

मी इतकंच म्हटलं की डॉक्टरांच्या मुलीपेक्षा माझी वेगवान आहे, घड्याळ लावून बघा. तो म्हणाला, "घड्याळ मला शिकवू नका. तुम्ही मला इथे आणला, वासाच्या खोलीत ठेवला, आता संघ पण तुमचा? मी नोकर नाही, मॅडम. मी प्रशिक्षक."

म्हटलं, "पगार घेतो तो नोकरच!"

बोलून गेले. त्यानं गळ्यातली शिट्टी काढली, माझ्या हातात ठेवली. ओली होती. म्हणाला, "घ्या. तुम्ही वाजवा."

मासोळी पाण्यात होती. तिनं खोल बुडी मारली. लाज वाटली असेल बिचारीला — त्या माणसाची.

२२ मार्च, शनिवार

पेपरात आलं! पहिल्या पानावर नाही, पण आलं. आमच्या तलावातलं पाणी शुद्ध करणारं यंत्र बंद, मुलांच्या अंगाला खाज, "असं तिथल्याच प्रशिक्षकाने सांगितले." यंत्र मध्यंतरी बंद होतं, खोटं कशाला लिहू? पण दुरुस्त करून घेतलं की! तेव्हा तोंड शिवलं होतं का याचं? ज्या घरचं खाल्लं, त्याचेच वासे मोजतोय.

सकाळपासून फोन. बारक्या मुलांचा वर्ग निम्मा रिकामा झाला. अध्यक्ष म्हणाले, "बाई, हौसेनं तुम्हीच आणलात. आता निस्तरा तुम्हीच."

निस्तरते.

२५ मार्च, मंगळवार

समितीची बैठक. तो इस्त्रीचा सदरा घालून आला होता. खुर्ची देऊ केली, बसला नाही.

पेपरचं विचारलं. म्हणाला, "मी राग होतो. बोललो. पण खरं बोललो." निदान नाकारलं तरी नाही.

मग मी लेकीचा विषय काढला. अध्यक्ष नको नको म्हणत होते, पण मी सोडते की काय! म्हटलं, एवढंच सांगा — सगळ्यांत वेगवान मुलगी बाहेर का? कारण सांगा, पटलं तर मी इथेच माफी मागते, आणि तुमच्या नोकरीला हात लावू देणार नाही. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "कारण आहे. देणार नाही."

बघा मस्ती! म्हटलं, कारण आकसाशिवाय दुसरं असेल कसं? कुणी एक शब्द त्याच्या बाजूनं काढला नाही. करार रद्द. महिनाअखेर त्यानं देश सोडायचा. बाहेर जाताना दाराशी माझ्याजवळ थांबला, वाटलं आता तरी काही बोलेल. दार ओढून घेतलं आणि गेला.

जिंकले. मग त्याची शिट्टी अजून माझ्याच पर्समध्ये का आहे?

२९ मार्च, शनिवार

गेला. टॅक्सी फाटकापर्यंत आली होती. दोन बॅगा आणि मुलासाठी घेतलेली एक छोटी सायकल, खोक्यातच होती, उघडलेलीसुद्धा नाही. ती टॅक्सीत बसेना. इकडून घालून बघ, तिकडून घालून बघ. शेवटी फाटकाला टेकवून ठेवली आणि गेला. मी ऑफिसच्या खिडकीतून बघत होते. खाली उतरले नाही. का उतरायचं?

हे मात्र म्हणाले, "निदान निरोप तरी द्यायचास." माझ्याच घरात त्याचे वकील!

३१ मार्च, सोमवार

त्याची खोली उघडली. पंपाचा आवाज आत इतका येतो, माहीत नव्हतं. दार लावून खाली आले.

१२ एप्रिल, शनिवार

नवा प्रशिक्षक गावातलाच, गोड बोलणारा. आल्या आल्या मासोळीला संघात घेतलं, तेही शेवटच्या टप्प्याला! डॉक्टरांची मुलगी राखीव. घरी येऊन सांगितलं तर पोरगी म्हणाली, "बरं." एवढंच! दडपण आलं असेल. बदाम भिजत घातले.

१९ एप्रिल, शनिवार

काय लिहू?

आपला संघ पुढे होता. चांगला हातभर पुढे. तिसरी मुलगी भिंतीला टेकली आणि मासोळी उडी मारायच्या ठोकळ्यावर उभी. वाकलेली. हात खाली. आणि उडीच मारली नाही. बाकीच्या संघांच्या मुली पाण्यात पडल्या, पुढे गेल्या. नवा प्रशिक्षक बोंबलतोय, मी बोंबलतेय, "मार! मार उडी!" ती तशीच. मग सरळ उभी राहिली, डोक्यावरची टोपी काढली आणि सगळ्या लोकांसमोरून सावकाश चालत आत निघून गेली.

घरी येताच मी खोलीचं दार लावून घेतलं. तिच्यासमोर थांबले असते तर काय बोलले असते देव जाणे. ह्यांनीच तिला जेवायला वाढलं.

२० एप्रिल, रविवार

सकाळी स्वतःहून माझ्याजवळ येऊन बसली. "सरांनी मला काढलं नव्हतं, आई. मीच पाया पडले होते त्यांच्या. म्हटलं, मला स्पर्धा नको, पण आईला सांगू नका. बैठकीच्या दिवशी बाहेर भेटले तेव्हा मी म्हटलं, आता सांगून टाका सर. तर म्हणाले, तू शाळेत जा."

मी म्हटलं, पंधरा वर्षांची माझी पोर, आणि तुला बोलायला तो परका माणूस सापडला? मला का नाही सांगितलंस?

"तुलाच आधी सांगितलं होतं. दोनदा. तू म्हणालीस, टॉवेल घे आणि चल."