पाखरं हाकलणाऱ्याचा दहावा

१७ नोव्हेंबर २०२५, चौल

यांना जाऊन आज चौथा दिवस. घरात चूल नाही. शेजारून डबे येतात. ठमीकाकूंनी भाकऱ्या आणि वालाची उसळ आणली. भूक नाही म्हटलं, तर समोरच बसल्या. "तू जेवल्याबगार मी उठाची न्हाय. तिकडं म्हस धारेची तटून राहिली तरी." जेवले. अशी माणसं आहेत म्हणून दिवस जातोय.

१८ नोव्हेंबर

दोन डिसेंबरला लेकीला, मृणालला, बेळगावला हजर व्हायचं आहे. हवाई दलाचं प्रशिक्षण. निवड झाली तेव्हा यांनी आळीभर पेढे वाटले होते. आता ती विषय काढत नाही, मीही नाही. दयारामभावोजी म्हणाले, "पोरीला धाडू नका वहिनी. एवढ्या घरात एकल्या कशा रवाल?"

ऐकून बरं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

१९ नोव्हेंबर

हवाई दलाच्या तळावरून राहुल आला, थेट घाट उतरून. यांच्या हाताखाली शिकलेला मुलगा. हे निवृत्त झाल्यापासून यांचं काम तोच करतो — धावपट्टीवरची पाखरं उडवणं. विमान उठताना एखादी घार इंजिनात गेली तर विमान जातं, वैमानिकही जातो. म्हणून विमानांच्या आधी यांची जीप धावपट्टीवर. फटाके, हवेत बार, गवत वाढू न देणं. गवतात किडे, किड्यांमागे पाखरं.

राहुल म्हणाला, "काकी, पहिल्याच दिवशी काकांनी बजावलं. तुला पाखरं मारायला ठेवलेलं नाही, उडवायला ठेवलंय."

तळाबद्दल बोलायला हे कधी कंटाळत नसत. इंग्रजांनी महायुद्धात माळरानावर पट्टी टाकली, मागून विमानांची घरं आली, एकाहत्तरच्या लढाईत आसपासच्या गावांनीही दिवे झाकले. नवीन विमानं आली की हे घरी येऊन त्यांचा आवाज काढून दाखवायचे. आणि म्हणायचे, "लोकांना तळ म्हणजे लढाई वाटते. मी तिथून तंबू आणि औषधंच जास्त जाताना बघितली." भूकंप झाला तेव्हा, पूर आले तेव्हा.

मी तिथे नवी नवरी म्हणून गेले. दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. मृणाल तिथल्याच दवाखान्यात झाली, तिथल्याच शाळेत शिकली. मी कधी कोणाला बोलून दाखवलं नाही, पण त्या जागेचे आमच्यावर फार उपकार आहेत.

२० नोव्हेंबर

आज घर हसलं. राहुलने सासूबाईंच्या बोंबलांची गोष्ट काढली. तळावर ती अजून सांगतात म्हणे.

सासूबाई पहिल्यांदा क्वार्टरवर आल्या त्या रेवदंड्याचे ओले बोंबील घेऊन. इकडच्यासारखीच गच्चीत दोरी बांधली आणि टांगले वाळायला. तासाभरात आभाळ घारींनी भरलं. मोठे साहेब यांनाच घेऊन जीपमधून घारींच्या मागे निघाले. जीप आमच्या दारात थांबली. "हे घर कोणाचं?" "माझंच, साहेब." वर सासूबाई काठी घेऊन उभ्या. वरूनच ओरडल्या, "अरे, बरा झाला आलास. हाकल यांना, तुझा कामच हाय ना तो!"

साहेब हसत सुटले, म्हणून निभावलं.

२२ नोव्हेंबर

उद्या दहावा. सगळ्यांच्या तोंडी एकच. भावोजी म्हणाले, "दादानं जल्मभर पाखरं हाकलली. आता पिंडाला कावला शिवंल काय?" ठमीकाकू म्हणाल्या, "कावल्यांनी बैठक घेतली असंल. बहिष्कार."

मी पण हसले. पण मनात ठरवलं आहे. कावळा अडला की लोक मृताची राहिलेली इच्छा बोलून दाखवतात. यांची कोणती, ते मला माहीत आहे. मी मोठ्याने म्हणेन, "मृणालला पाठवते." चार माणसांत बोलले की मागे फिरता येणार नाही. आपण होऊन मला ते जमत नाही. कावळ्याने माझ्याकडून वदवून घ्यावं.

२३ नोव्हेंबर

कावळा लगेच शिवला. मृणालने पिंडाला नमस्कार केला, आम्ही मागे सरलो, आणि तो उतरलाच. कोणाला काही बोलावं लागलं नाही. भावोजी रडायला लागले. "दादाचा जीव कशात म्हणून अडकला न्हवता."

सगळे समाधानाने घरी आले. मला बोलायचं होतं ते तोंडातच राहिलं.

यांचं काही राहिलं नसेल, तर चांगलंच आहे. मग ठरवायचं ते माझं मलाच.

२५ नोव्हेंबर

मृणालने बेळगावचं तिकीट रद्द केलं. मला नंतर सांगितलं. मी "बरं" म्हटलं.

२६ नोव्हेंबर

आज तिला विचारलं, तिकीट का रद्द केलंस. म्हणाली, "पिंडाला नमस्कार करताना मी बाबांना मनात सांगितलं, आईला सोडून जात नाही. म्हणून तर कावळा लगेच आला ना गं."

मी म्हटलं, "शब्द माझ्यासाठी दिलास ना? मग मी तुला त्यातून मोकळी करते. दुसरं तिकीट काढ."

"आणि बाबांना?"

"त्यांना मी सांगते."